डावीकडून एकेक अंक पुसत जा तरी मूळच राहणारी २४ अंकी संख्या, ती पंचविसावर काऊन जात नाही?

नंदनवनचे_सर
नमस्कार मंडळी. मी आठवी ते दहावीच्या पोट्ट्यांना गणित शिकवतो. सध्या सुट्ट्या आहेत, बारा ते चार कोणी घराबाहेर पडून नाही राहिलं, म्हणून कूलरसमोर बसून पोरांसाठी पुस्तकाबाहेरचं काहीतरी शोधत असतो. ही संख्या पहा

३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७

ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आता डावीकडचा ३ पुसा, उरलेली २३ अंकी पण मूळ. मग ५ पुसा, मूळ. ७ पुसा, तरी मूळ. असं करत करत शेवटी ६२९१३७, मग २९१३७, ९१३७, १३७, ३७ आणि ७. चोवीसच्या चोवीस मूळ, मधात कुठेच तुटत नाही.

हे बोर्डावर लिहिलं तर नववीतली एक पोरगी म्हणते सर मंग समोर अजून एक अंक लावून पंचवीसचं करा न. मी म्हटलं होत नाही, ही अशातली सगळ्यात मोठी आहे, अशा संख्या एकूण ४२६० आहेत आणि ही शेवटची. तर ती म्हणते पण मूळ संख्या अनंत असतात हे तुम्हीच शिकवलं, मग या संपतात कशा आणि कोणी मोजल्या. प्रश्न एकदम बरोबर आहे. तिला "असं सिद्ध झालेलं आहे" एवढं सांगून मला भागवायचं नाही, शाळेतल्या गणितात पटेल असं कारण पाहिजे. कोणाला नीट सांगता येईल का?

इतवारीचा_हिशोब
सर मस्त संख्या आणली. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर अशी दिसते,

३,५७,६८,६३,१२,६४,६२,१६,५६,७६,२९,१३७

लीलावतीत एक दहा शंभर करत परार्धापर्यंत नावं येतात, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्य. ही संख्या जवळपास ३५ लाख ७६ हजार परार्ध होते, म्हणजे भास्कराचार्यांच्या यादीतलं सगळ्यात मोठं नाव वापरून पण वरून लाखात मोजावं लागते. दुसरी गोष्ट, १८ ग्रॅम पाण्यात जेवढे रेणू असतात (अ‍ॅव्होगाड्रो वाला आकडा, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात) त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त आहे ही. पावणे अकरा ग्रॅम पाणी घ्या, त्यात साधारण इतके रेणू भरतील. पोरांना आकार कळायला हे सांगा.

पंचवीसच्या प्रश्नाचं उत्तर मला नाही येत, वाचायला बसलो आहे.

सक्करदरा_३२
एक शंका. समोर शून्य चालते का? म्हणजे १०३ मधून १ काढला तर ०३ म्हणजे ३, ती पण मूळच.

नंदनवनचे_सर
@सक्करदरा, नाही, शून्य कुठेच चालत नाही. शून्य आलं की एक अंक पुसला म्हणता म्हणता दोन अंक जातात, मग "दरवेळी एक अंक" या नियमाला अर्थ राहत नाही. आणि शेवटचा अंक ३ किंवा ७ च पाहिजे. शेवटी एकच अंक उरतो तो मूळ हवा म्हणजे २, ३, ५, ७ पैकी, पण २ किंवा ५ ने संपणारी दोन अंकी संख्या मूळ होत नाही. त्यामुळे २ आणि ५ जागच्या जागीच राहतात, सगळी वाढ ३ आणि ७ मधून होते.

अजनी_यार्ड
सर, पोरीच्या प्रश्नात खरं पाहिलं तर दोन प्रश्न आहेत. एक, संपतात हे कसं कळलं. दोन, संपतात काऊन. पहिल्याचं उत्तर सोपं आहे पण ते दुसऱ्याचं उत्तर नाही, म्हणून वेगवेगळं सांगावं लागेल.

पहिलं घ्या. मूळ संख्या अनंत आहेत हे खरं, पण आपण सगळ्या मूळ संख्या शोधतच नाही आहोत. समजा कोणाकडे अशी २५ अंकी संख्या आहे. तिचा डावा अंक पुसला की २४ अंकी उरते, आणि ती पण याच जातीची असली पाहिजे, नाहीतर नियमच मोडला. म्हणजे प्रत्येक २५ अंकी संख्या कोणत्यातरी २४ अंकी मधूनच निघणार, प्रत्येक २४ अंकी कोणत्यातरी २३ अंकी मधून. त्यामुळे शोधायला पूर्ण आकाश नाही लागत. ३ आणि ७ पासून सुरू करायचं, प्रत्येकीच्या समोर १ ते ९ लावून पाहायचं, ज्या मूळ निघाल्या त्या ठेवायच्या, त्यांच्या समोर परत १ ते ९. हे एक झाड आहे. ज्या दिवशी एका पातळीवर एकही फांदी उरली नाही त्या दिवशी झाड संपलं, पुढे १०० अंकी, हजार अंकी काहीच असू शकत नाही.

आणि हे १९७७ मध्येच झालेलं आहे, अँजेल आणि गॉडविन या दोघांनी संगणकावर पूर्ण झाड तपासलं. पातळीनुसार आकडे असे आहेत, १ अंकी पासून,

४, ११, ३९, ९९, १९२, ३२६, ४२९, ५२१, ५४५, ५१७, ४४८, ३५४, २७६, २१२, ११७, ७२, ४२, २४, १३, ६, ५, ४, ३, १

बेरीज करून पहा, ४२६० येते. २४ अंकी एकच आहे आणि तीच तुमची बोर्डावरची.

संत्रा_बर्फी
बाप रे म्हणजे ९ अंकी ५४५ पर्यंत चढली आणि मग उतरली. हा उतार पाहायलाच मजा येऊन राहिली. पण चढते मग उतरते हे कशामुळे?

अजनी_यार्ड
सांगतो, जेवून येतो.

कोडवाली_त्रिमूर्तीनगर
तोवर एक सांगते. झाड तपासायचं म्हणजे लोकांना वाटते सुपर कॉम्प्युटर लागत असेल. अजिबात नाही. ४२६० संख्या आहेत, प्रत्येकीच्या समोर ९ अंक लावायचे म्हणजे चाळीस हजारापेक्षा कमी तपासण्या. घरच्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर होऊन जाते.

फक्त तपासायची रीत शाळेतली नको. २४ अंकी संख्या मूळ आहे का हे एकेका संख्येनं भाग देऊन पाहायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंत जावं लागेल, ते आहे साधारण साठ हजार कोटी. एका संख्येसाठी! त्याऐवजी फर्माचा नियम वापरतात. n मूळ असेल आणि a ला n ने भाग जात नसेल, तर a चा (n−१) वा घात घेऊन त्याला n ने भागलं की बाकी १ च येते. बाकी १ नाही आली तर संख्या संयुक्त, विषय संपला, तिचे भाजक कोणते हे माहीत असायची पण गरज नाही. बाकी १ आली तर मात्र अजून खात्री करावी लागते कारण काही संयुक्त संख्या फसवून जातात, म्हणून या नियमाचं कडक रूप वापरतात, त्याला मिलर-राबिन चाचणी म्हणतात. आणि आपल्या आकाराच्या संख्यांसाठी तर ती पूर्ण पक्की आहे, पहिल्या १३ मूळ संख्या (२ पासून ४१ पर्यंत) a म्हणून घेतल्या की ३.३ गुणिले १० चा २४ वा घात इथपर्यंत एकही फसवी संख्या सुटत नाही हे सिद्ध झालेलं आहे. चोवीस अंकी सगळ्या त्याच्या आत येतात.

आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांची २००२ ची रीत पण आहे, ती कितीही मोठ्या संख्येला लागू होते आणि तिचं महत्त्व फार मोठं आहे, पण एवढ्या कामाला मिलर-राबिनच बरी पडते.

माजी_शिक्षिका_महाल
सर, तुमच्या विद्यार्थिनीला संगणकाशिवाय बरंचसं दाखवता येईल. मी दुपारभर कागद घेऊन बसले होते, सगळं इथं लिहिते. तुम्ही वर्गात करून घ्या, पोरांना विभाज्यतेच्या कसोट्या कशासाठी शिकल्या ते कळेल.

प्रश्न एवढाच आहे की आपल्या २४ अंकी संख्येच्या समोर १ ते ९ पैकी काही लावलं तर मूळ संख्या मिळते का.

आधी ३ ची कसोटी. अंकांची बेरीज करा, ११२ येते. समोर २, ५ किंवा ८ लावला तर बेरीज ११४, ११७, १२०, तिन्हीला ३ ने भाग जातो. तीन उमेदवार गेले.

आता ७ आणि ११. इथे १००१ वापरायचं, कारण १००१ = ७ × ११ × १३. उजवीकडून तीन तीन अंकांचे गट करा आणि एक मिळवा एक वजा करा,

१३७ − ६२९ + ५६७ − २१६ + ६४६ − ३१२ + ६८६ − ३५७ = ५२२

मूळ संख्येला ७, ११, १३ ने भागल्यावर जी बाकी राहते तीच ५२२ ला भागल्यावर राहते. आता समोर पंचविसावा अंक लावला की तो नववा गट होतो, आणि नवव्याचं चिन्ह परत अधिक येते. म्हणजे नुसतं ५२२ मध्ये तो अंक मिळवायचा. ३ लावला तर ५२५, म्हणजे ७ × ७५. गेला. ६ लावला तर ५२८, म्हणजे ११ × ४८. तो पण गेला. १३ कोणालाच लागत नाही.

उरले १, ४, ७, ९. इथून पुढे बाकी काढत जावं लागते, पण जमते. आपल्या संख्येला २३ ने भागलं तर बाकी १३, आणि १० च्या २४ व्या घाताला भागलं तर बाकी ८. समोर ७ लावला म्हणजे ७ × ८ + १३ = ६९, ते २३ × ३. गेला. ४७ ने भागलं तर बाकी ४३ आणि ३७. समोर ९ लावला म्हणजे ९ × ३७ + ४३ = ३७६, ते ४७ × ८. तो पण गेला.

शेवटी १ आणि ४ राहतात. या दोघांना ७३ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येनं भाग जात नाही, तिथे मी हात थांबवला. त्या दोघांपुरतं या ताईंनी सांगितलेली फर्माची रीत लावा.

कोडवाली_त्रिमूर्तीनगर
काकू!! नऊपैकी सात हातानं पाडल्या तुम्ही. मी १ आणि ४ दोन्ही चालवून पाहिले, दोन्ही संयुक्त. म्हणजे झाड इथे संपलं हे आता याच धाग्यावर पूर्ण झालं, निदान या फांदीपुरतं तरी.

नंदनवनचे_सर
मॅडम तुमचे मनापासून आभार. ५२२ वालं तर मी उद्याच बोर्डावर घेतो. तीन तीनचे गट पाडायची ही रीत आमच्या पुस्तकात नाही आणि किती कामाची आहे.

हिंगणा_टी_पॉइंट
वाचून छान वाटलं पण माझं मन अजून भरलं नाही. २४ वाली संपली हे दिसलं. पण ९ अंकीला ५४५ असताना त्यातल्या एकीची तरी फांदी चालत राहायला काय हरकत होती? हे नशीब आहे का नियम आहे?

अजनी_यार्ड
जेवण झालं. हा दुसरा प्रश्न, आणि मला यातच जास्त गोडी आहे.

मूळ संख्या अनंत आहेत पण विरळ होत जातात. दोन अंकी ९० संख्यांमध्ये २१ मूळ. तीन अंकी ९०० मध्ये १४३. चार अंकी ९००० मध्ये १०६१. म्हणजे आधी दर चारामागे एक, मग सहामागे एक, मग साडेआठामागे एक. गाउस आणि लजांद्र यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हा विरळपणा कसा वाढतो ते ओळखलं होतं, सिद्ध व्हायला १८९६ उजाडलं, हादामार आणि द ला व्हॅले पूसँ यांनी वेगवेगळं सिद्ध केलं. नियम सोप्या भाषेत असा, d अंकी संख्यांच्या टोकाशी साधारण २.३ × d संख्यांमागे एक मूळ. २४ अंकांशी पोचलात की दर ५५ मागे एक.

आता आपल्या झाडाकडे या. प्रत्येक फांदीला नऊ उमेदवार मिळतात, समोर १ ते ९. यातले तीन नेहमी ३ ने पडतात. काकूंनी २, ५, ८ दाखवले, दुसऱ्या एखाद्या संख्येला १, ४, ७ पडतील, पण तीन पडणारच. उरले सहा. हे सहा २ ने जात नाहीत, ३ ने नाहीत, ५ ने नाहीत, म्हणून त्यांची मूळ असण्याची शक्यता सरसकट संख्येपेक्षा जास्त, पावणेचार पट. (३० पैकी ८ च संख्या अशा असतात, ३० भागिले ८.) गुणाकार करा, ६ × ३.७५ ÷ (२.३ × d), येते साधारण ९.८ ÷ d.

म्हणजे एका फांदीतून पुढच्या पातळीवर सरासरी ९.८ ÷ d फांद्या फुटतात, d म्हणजे नवीन संख्येचे अंक. d पाच असेल तर १.९६, जवळपास दोन. खरे आकडे पहा, ९९ वरून १९२, म्हणजे १.९४. d सहा असेल तर १.६३, खरे १९२ वरून ३२६, म्हणजे १.७०. d नऊ असेल तर एकाच्या थोडं वर, ५२१ वरून ५४५. आणि d दहा झाला की आकडा एकाच्या खाली जातो, ५४५ वरून ५१७. शिखर ९ अंकांवर का आलं ते दिसलं न? ९.८ मुळे आलं!

बर्डीवरून सुटणारी बस डोळ्यासमोर आणा. पहिल्या थांब्यांवर उतरणाऱ्यांपेक्षा चढणारे जास्त, बस भरत जाते. एका थांब्यानंतर चढणाऱ्यांपेक्षा उतरणारे जास्त होतात आणि ते प्रमाण वाढतच जाते. मग बस किती पण भरलेली असो, शेवटच्या थांब्याच्या आधी रिकामी होणारच. आपल्या झाडात तो थांबा दहा अंकांचा.

२० अंकांशी एका फांदीमागे सरासरी अर्धीच फांदी. २४ ला ०.४. म्हणून मोजके उरलेले पण टिकत नाहीत.

एक फरक मात्र पोरीला नक्की सांगा सर. हे ९.८ वालं गणित अंदाज आहे, ते सिद्धता नाही. सिद्धता म्हणजे १९७७ ची पूर्ण तपासणी. पण नुसती तपासणी पाहून समाधान होत नाही, अंदाजानं कळते की असंच व्हायला पाहिजे होतं. मला दोन्ही लागतात.

हिंगणा_टी_पॉइंट
आता भरलं मन. १.९४ आणि १.९६ जुळलेले पाहून खरंच अंगावर काटा आला. मूळ संख्या अशा कशाही विखुरलेल्या वाटतात आणि मोजायला गेलं तर अंदाज एवढा बरोबर लागते.

संत्रा_बर्फी
मंग उजवीकडून पुसलं तर? म्हणजे शेवटचा अंक काढत जायचा.

माजी_शिक्षिका_महाल
ते झाड फार लहान आहे. एकूण ८३ संख्या, सगळ्यात मोठी ७३९३९१३३, आठ अंकी. पुसून पहा, ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७.

लहान असण्याचं कारण उघड आहे, उजवीकडे जोडायला फक्त १, ३, ७, ९ हे चारच अंक चालतात, सम अंक आणि ५ लावला की लगेच भाग जातो. पण याच्या आत ३ ची कसोटी जे काम करते ते मला फार सुंदर वाटते, म्हणून लिहिते.

संख्येला ३ ने भागल्यावर बाकी १ राहते का २ एवढंच लक्षात ठेवा. ३ किंवा ९ जोडला की बाकी बदलत नाही. १ किंवा ७ जोडला की बाकी एकानं वाढते. बाकी १ असेल तर १ किंवा ७ जोडून ती २ होईल, चालेल. पण बाकी २ असेल आणि १ किंवा ७ जोडला तर बाकी शून्य, म्हणजे ३ ने भाग गेला. याचा अर्थ एकदा बाकी २ झाली की त्यानंतर जन्मभर फक्त ३ आणि ९ च जोडता येतात.

आता आठ अंकी पाचही संख्या पहा,

२३३९९३३९
२९३९९९९९
३७३३७९९९
५९३९३३३९
७३९३९१३३

२ आणि ५ ने सुरू होणाऱ्यांची बाकी पहिल्यापासूनच २ आहे, म्हणून त्यांच्यात पहिल्या अंकानंतर ३ आणि ९ शिवाय काही नाही. ७ ने सुरू होणारीची बाकी १, म्हणून तिला एकदाच १ किंवा ७ वापरायची मुभा, तिनं ती सहाव्या अंकाला १ घेऊन वापरली आणि मग ३, ३. तीन ने सुरू होणारीची बाकी शून्य, तिला लगेच १ किंवा ७ घ्यावाच लागतो (३३ आणि ३९ मूळ नाहीत), मग पुढे अजून एकदा मुभा. ३ ७ ३ ३ ७ ९ ९ ९, दोन सात, त्यानंतर नऊ नऊ नऊ. पूर्ण संख्येचा आराखडा ३ ची कसोटीच ठरवून टाकते.

अजनी_यार्ड
काकू हे अप्रतिम आहे. आणि माझा अंदाज इथे पण लावून पाहिला, चार उमेदवार, २ आणि ५ सुटले म्हणून अडीच पट, ४ × २.५ ÷ (२.३ × d) म्हणजे ४.३ ÷ d. म्हणजे शिखर चार अंकांशी यायला पाहिजे. पातळीनुसार खरे आकडे ४, ९, १४, १६, १५, १२, ८, ५. चौथ्या पातळीवर १६, बरोबर शिखर.

कोडवाली_त्रिमूर्तीनगर
दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या पण आहेत, डावीकडून पुसा नाहीतर उजवीकडून, दरवेळी मूळ. फक्त १५ आहेत,

२, ३, ५, ७, २३, ३७, ५३, ७३, ३१३, ३१७, ३७३, ७९७, ३१३७, ३७९७, ७३९३९७

मधात पाच अंकी एकही नाही आणि मग एकदम सहा अंकी ७३९३९७ येते. सर, ही वर्गात हातानं पूर्ण तपासता येईल. ७३९३९७ चं वर्गमूळ ८६० च्या खाली आहे, वर्गात पोरं वाटून घेतली तर एका तासात होते.

लोहापूल_पूर्व
सगळ्यांचा अभ्यास पाहून आदर वाटला, पण एक विचारतो. हे सगळं दहाच्या पद्धतीत लिहिल्यामुळे आहे न? माणसाला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहात लिहितो. बारा बोटं असती तर हीच संख्या वेगळ्या अंकांनी लिहिली असती आणि पुसायचा खेळ तिला लागूच झाला नसता. मूळ असणं हा संख्येचा स्वतःचा गुण आहे, पण अंक पुसणं हा लिहिण्याच्या पद्धतीचा गुण झाला. मग याला खरं गणित म्हणायचं का?

माजी_शिक्षिका_महाल
प्रश्न रास्त आहे. आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींना पण हे ऐकावं लागलं असेल, त्यांचं ६१७४ (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारी संख्या) पण दहाच्या पद्धतीतलंच. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी अंकांचा एवढा अभ्यास केला आणि आज जगभर त्या संख्येला त्यांच्या नावानं ओळखतात. मला वाटते अंकांपासून सुरू करून आपण कुठे पोचतो ते महत्त्वाचं. वर बघा न, पुसण्याच्या खेळापासून सुरू करून आपण मूळ संख्यांच्या विरळपणाच्या नियमापर्यंत आलो.

अजनी_यार्ड
काकूंनी म्हटलं त्यात एक भर घालतो, आणि याने @लोहापूल यांच्या प्रश्नाला आकड्यातच उत्तर मिळेल. पाया बदलून पाहू, म्हणजे दहाऐवजी अकराच्या, बाराच्या पद्धतीत लिहून पाहू. ११ च्या पायात लिहिलं आणि तोच डावीकडून पुसायचा नियम लावला, तर अशा संख्या एकूण किती? फक्त ७५. आणि १२ च्या पायात? १,७०,०५३.

दहात ४२६०, अकरात ७५, बारात पावणेदोन लाखाच्या जवळ. एकाचा फरक आणि एवढी उडी. हे बोटांवर अवलंबून असतं तर कारण सापडलंच नसतं, पण कारण आहे. पाया १२ असेल तर १२ ला २ आणि ३ दोन्हीने भाग जातो. त्यामुळे शेवटचा अंक एकदा नीट निवडला की समोर काही पण लावा, २ ने पण भाग जाणार नाही आणि ३ ने पण नाही. दहात ३ ने नऊपैकी तीन उमेदवार दरवेळी पाडले होते, बारात ते पडतच नाहीत. अकरा स्वतःच मूळ, त्यामुळे शेवटच्या अंकाकडून तिथे काहीच संरक्षण नाही, २ ने पण पडतात, ३ ने पण, ५ ने पण. अंदाजाचं सूत्र लावलं तर अकराला साधारण ४.६ ÷ d येते, दहाला ९.८ ÷ d, बाराला १३.३ ÷ d. तिन्ही झाडांचा आकार याच्यातच दिसतो.

म्हणजे यादी पायाप्रमाणे बदलते, नियम बदलत नाही.

लोहापूल_पूर्व
७५ आणि १,७०,०५३ हे पाहून मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा यासाठी की ७३९३९१३३ सारख्या एकट्या संख्येत अजून मला फक्त खेळच दिसतो, पण झाडात मात्र गणित आहे हे मान्य.

नंदनवनचे_सर
माझं ठरलं. उद्या ५२२ वालं आणि ३ ची बाकी. परवा पातळीचे २४ आकडे देऊन पोरांना आलेख काढायला लावतो, शिखर कुठे येते ते त्यांनाच सापडू द्या, ९.८ नंतर सांगेन. त्या पोरीला हा धागा दाखवतोच. @कोडवाली ताई, बाराच्या पायाचं झाड घरी चालवायचं तर तुमच्या कोडमध्ये काय बदलावं लागेल?

कोडवाली_त्रिमूर्तीनगर
फार नाही सर. जिथे समोर अंक a लावताना a × १० चा d वा घात मिळवता (इथे d म्हणजे आधीच्या संख्येचे अंक) तिथे १० च्या जागी १२ करा, आणि a १ ते ११ फिरवा. सुरुवात २, ३, ५, ७, ११ पासून. शेवटची सगळ्यात मोठी १२ च्या पायात ३२ अंकी आहे, म्हणजे १३ आधारांची (मिलर-राबिनमध्ये a म्हणून घेतलेल्या १३ मूळ संख्यांची) पक्की मर्यादा तिथे ओलांडली जाते, म्हणून मोठ्या संख्यांना अजून जास्त आधार घेऊन तपासा. पावणेदोन लाख संख्या आहेत तर थोडा वेळ लागेल, लॅपटॉप कूलरजवळ ठेवा.

संत्रा_बर्फी
मी पण चालवून पाहतो आज रात्री, पातळीचे आकडे आले की इथेच टाकतो. सूत्राप्रमाणे शिखर तेरा अंकांच्या आसपास पाहिजे, हो न?

अजनी_यार्ड
हो, १३.३ ÷ d एकाच्या खाली जाते चौदाव्या अंकाला. दहाला ९.८ असताना शिखर नवावर आलं होतं, म्हणून इथे तेरा नाहीतर बारा. आकडे टाका, पाहू.